यादी वर गेली, म्हणजे कुठे गेली?

मी अकरावीत असताना एका रात्री ओढ्याचे पाणी आमच्या वस्तीत शिरले. सकाळी पाणी ओसरले तेव्हा आमच्या घराची मागची भिंत बसलेली होती. ज्वारीचे पोते भिजून फुगले होते आणि माझ्या वह्या चिखलात होत्या. तिसऱ्या दिवशी पंचनामा करायला कर्मचारी आले. ते चावडीवर बसले, चहा झाला, आणि गावातल्या दोन-चार जाणत्या माणसांनी नावे सांगितली. एकजण वस्तीच्या तोंडापर्यंत येऊन, चिखल बघून, तिथूनच परत फिरला.

पुढचे दोन महिने आई तालुक्याला जात राहिली. प्रत्येक फेरीला एका दिवसाची मजुरी बुडायची आणि वर एसटीचे भाडे. "साहेब, आमचं नाव हाय का बघा की," एवढेच ती विचारायची. उत्तरही दर वेळी एकच मिळायचे, "बाई, यादी वर गेली." वर म्हणजे कुठे, हे तिला कोणी सांगितले नाही आणि विचारायचे धाडस तिलाही झाले नाही. चौथ्या फेरीनंतर तिने जाणे सोडले.

एमएला असताना मी त्या यादीसाठी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. पहिल्या अपिलानंतर झेरॉक्सचा एक गठ्ठा हातात पडला. आईचे नाव पहिल्या यादीत होते. दुसऱ्या, अंतिम यादीत त्यावर रेघ मारून पुढे 'अपात्र' असे लिहिले होते. त्यापुढे कारणाचा रकाना होता, तो कोरा होता.

त्या कोऱ्या रकान्यामुळे मी आज हा लेख लिहिते आहे. आपत्तीच्या मदतीत भ्रष्टाचार होतो, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असते. पण आपली चर्चा नेहमी 'कोणी खाल्ले' यावर थांबते. 'कोणाला वगळले, कोणत्या कारणाने वगळले आणि त्याची नोंद कुठे आहे' हा प्रश्न आपण विचारत नाही. आपत्तीच्या खर्चात पारदर्शकता आणणारा कायदा हवा, असे मी म्हणते तेव्हा मला या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देणारा कायदा हवा आहे.

2005 हे वर्ष या बाबतीत लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या एका वर्षात संसदेने तीन कायदे केले. जूनमध्ये माहितीचा अधिकार आला. त्याच्या कलम 4 ने सरकारी कार्यालयांवर बंधन घातले की अनुदानाची रक्कम आणि लाभार्थ्यांचा तपशील कोणी मागण्याची वाट न बघता स्वतःहून जाहीर करा. सप्टेंबरमध्ये राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा आला. त्याच्या कलम 17 ने गावातल्या कामांचे सामाजिक अंकेक्षण करण्याचे काम ग्रामसभेवर सोपवले. आणि डिसेंबरमध्ये, त्सुनामीला वर्ष होत असताना, आपत्ती व्यवस्थापन कायदा आला. पहिल्या दोन कायद्यांत सामान्य माणूस सरकारला हिशोब विचारू शकतो. तिसऱ्यात तो फक्त मदत घेणारा आहे. लाभार्थ्यांची यादी गावात लावा, नाव नाकारले तर कारण लिहून द्या, वाटपाचे सामाजिक अंकेक्षण करा, यांपैकी एकही गोष्ट आपत्ती व्यवस्थापन कायद्याने बंधनकारक केलेली नाही.

या कायद्यात कलम 61 मात्र आहे. नुकसानभरपाई आणि मदत देताना लिंग, जात, समाज, वंश किंवा धर्म या कारणांवरून भेदभाव करता येणार नाही, असे ते सांगते. वाचायला बरे वाटते. पण भेदभाव झाला हे सिद्ध करायला माहिती लागते, आणि ती माहिती गोळा करण्याची किंवा खुली करण्याची सक्ती हा कायदा कोणावरच करत नाही. वस्तीतल्या किती घरांचे पंचनामे झाले आणि गावठाणातल्या किती, ही आकडेवारीच नसेल तर कलम 61 मोडले हे कोण आणि कशाच्या जोरावर म्हणणार? ज्या हक्काचा पुरावा ठेवण्याची जबाबदारी कोणावरच नाही, तो हक्क कागदावरच राहतो.

पैसा थोडाथोडका नाही. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या पाच वर्षांसाठी राज्यांच्या आपत्ती निधीकरिता 1,60,153 कोटी रुपये ठरवले. त्यातला 80 टक्के भाग मदतीसाठी आणि 20 टक्के धोका कमी करण्याच्या कामांसाठी. याशिवाय राज्ये वेगळी पॅकेजे जाहीर करतात. मराठवाड्यासह राज्यभरातल्या अतिवृष्टीनंतर महाराष्ट्र सरकारने ऑक्टोबर 2025 मध्ये जाहीर केलेले पॅकेज 31,628 कोटींचे होते. हे आकडे पत्रकार परिषदेत सांगितले जातात आणि पहिल्या पानावर छापून येतात. त्यातले किती कोणत्या तालुक्यात, कोणत्या गावात, कोणत्या वस्तीत पोचले, हे छापून येत नाही.

जात यात कुठे येते, असे काही मित्र विचारतात. पूर जात बघून येत नाही, हे त्यांचे आवडते वाक्य. पाणी जात बघत नसेल, पण ओढ्याकाठची सखल जागा कोणाला मिळाली आणि उंचावरचे गावठाण कोणाचे, हे जातीनेच ठरवलेले आहे. आणि पाणी ओसरल्यावर जे निकष लागतात, ते जातीचे नाव न घेता जातीचेच काम करतात.

केंद्राचे 2022 ते 2026 चे मदतीचे निकष बघा. पूर्ण पडलेल्या घराला सपाट प्रदेशात 1,20,000 रुपये, झोपडीला 8,000 रुपये. म्हणजे तुमच्या घराला पंचनामा करणारा माणूस 'घर' म्हणतो की 'झोपडी', या एका शब्दाची किंमत 1,12,000 रुपये आहे. त्यात, पडलेले बांधकाम अधिकृत असल्याचे सक्षम अधिकाऱ्याने प्रमाणित करावे, अशीही अट आहे. गायरानावर, रेल्वेच्या कडेला, नाल्याच्या काठावर, वन जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणारे कोण आहेत, हे या पोर्टलच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. आईच्या नावापुढचा रकाना कोरा का होता, याचा माझा अंदाज याच अटीपाशी येऊन थांबतो. आमचे घर गायरानावर होते. पण तो अंदाजच आहे, कारण लिहून देण्याची कोणावर सक्तीच नव्हती.

पिकाच्या नुकसानीचेही तेच. कोरडवाहू शेतीला हेक्टरी 8,500 रुपये, बागायतीला 17,000 रुपये. पैसा जमिनीच्या कागदामागे जातो. सातबारा ज्याच्या नावावर, मदत त्याच्या खात्यात. 2011 च्या जनगणनेनुसार शेतीत राबणाऱ्या अनुसूचित जातीच्या दर दहा माणसांपैकी साधारण सातजण शेतमजूर होते. पीक वाहून गेले की मालकाचा हंगाम जातो आणि मजुराची त्या हंगामातली मजुरी जाते. बटाईने कसणाऱ्याचे बियाणे आणि खतही जाते. उपजीविका बुडालेल्या कुटुंबांना काही दिवसांची मदत देण्याची तरतूद निकषांत आहे. पण ती किती गावांत, किती मजुरांना मिळाली, हे तुम्ही तुमच्या तहसील कार्यालयात विचारून बघा.

हे आजचे नाही. डिसेंबर 2004 च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या नागपट्टिनममध्ये दलितांना छावण्यांत वेगळे ठेवले गेले, पाण्याच्या टाक्यांपाशी अडवले गेले, मदतीच्या यादीत ते मागे राहिले. मानवी हक्क संघटनांनी आणि पत्रकारांनी तेव्हाच याच्या नोंदी केल्या. ज्यांच्या होड्या बुडाल्या त्यांचे नुकसान मोजता आले. मासळी वाहणारे, त्यावर मजुरी करणारे, खाऱ्या झालेल्या शेतात राबणारे दलित 'मच्छीमार' या व्याख्येत बसत नव्हते. आणि किनाऱ्यावरची प्रेते उचलायला मात्र नगरपालिकांचे सफाई कामगारच आणले गेले. त्या कामासाठी त्यांची जात सरकारला बरोबर ठाऊक होती. ऑगस्ट 2008 मध्ये कुसहा इथे कोसीचा बांध फुटला. बिहारमधल्या त्या पुरातही दलित संघटनांनी गावोगाव फिरून हेच नोंदवले, की मुसहर टोल्यांपर्यंत नाव आणि धान्य उशिरा पोचले. या सगळ्या नोंदी चळवळीने केल्या. शासनाच्या कोणत्याही नेहमीच्या अहवालात त्या आपोआप आल्या नाहीत.

आता खर्चाच्या दुसऱ्या टोकाकडे, म्हणजे खरेदीकडे येऊ. आपत्ती व्यवस्थापन कायद्याचे कलम 50 तातडीच्या खरेदीसाठी आहे. धोका मोठा असेल तर निविदा मागवण्याची नेहमीची पद्धत माफ होते, आणि साहित्य वापरले गेले असे नियंत्रक अधिकाऱ्याने दिलेले प्रमाणपत्र हिशोबासाठी वैध व्हाऊचर मानले जाते. माणसे छपरावर अडकली असताना निविदा काढत बसा, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. पण पाणी ओसरल्यावर तरी कोणाकडून, काय, किती, कोणत्या दराने घेतले हे जाहीर करा, असे हे कलम सांगत नाही. तातडीची सवलत आपत्तीपुरती असायला हवी होती. तिच्यातून आलेले मौन मात्र कायमचे होऊन बसते.

शिवाय काही पैसा या चौकटीच्या बाहेरच आहे. मार्च 2020 मध्ये पीएम केअर्स निधी सार्वजनिक धर्मादाय न्यास म्हणून स्थापन झाला. पंतप्रधान त्याचे पदसिद्ध अध्यक्ष, पण माहितीच्या अधिकारात विचारले की उत्तर येते, हे सार्वजनिक प्राधिकरण नाही. ऑगस्ट 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पैसा राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद निधीत वर्ग करण्याची मागणी फेटाळली. कायद्याच्या अर्थाविषयी न्यायालयाने आपले मत दिले. कायदा काय असावा, हे ठरवणे संसदेचे काम आहे आणि ते मागणे आपले.

मार्च 2025 मध्ये संसदेने हा कायदा दुरुस्त केला. राष्ट्रीय आणि राज्य पातळीवर आपत्तीचा डेटाबेस तयार करायचा आणि त्यात निधीचे वाटप व खर्च यांचा तपशील ठेवायचा, अशी तरतूद आली. ही चांगली सुरुवात आहे, तिला नावे ठेवायची माझी इच्छा नाही. पण हा डेटाबेस लोकांसाठी खुला असावा, त्यात गावपातळीची माहिती असावी, सामाजिक गटानुसार वर्गवारी असावी, असे बंधन त्यात घातलेले नाही. आणि याच दुरुस्तीने मूळ कायद्यातले कलम 13, म्हणजे आपत्तीग्रस्तांना कर्जफेडीत सवलत देण्याबाबतचे कलम, काढून टाकले. वायनाडच्या दरडीखाली सगळे गमावलेल्यांच्या कर्जमाफीचा मुद्दा केरळ उच्च न्यायालयात असताना हे घडले. त्याच वायनाड प्रकरणात डिसेंबर 2024 मध्ये न्यायालयाला राज्य सरकारला विचारावे लागले होते, की आपत्ती निधीत नेमके किती पैसे आहेत आणि त्यातले खर्चता येण्याजोगे किती. उच्च न्यायालयालाही आकडा मागून घ्यावा लागतो, तिथे माझ्या आईने चार फेऱ्यांत हार मानली यात नवल ते काय?

यादी उघड झाली की काय होते, याचे एक ताजे उदाहरण बंगालमध्ये आहे. 20 मे 2020 रोजी अम्फान चक्रीवादळ आले. घरांच्या मदतीच्या याद्यांत नुकसान न झालेल्यांची, पुढाऱ्यांच्या नातलगांची नावे असल्याच्या तक्रारी गावागावांतून उठल्या. लोकांनी पंचायतींना घेराव घातले. नावे कळली म्हणूनच लोकांना बोट ठेवता आले. 1 डिसेंबर 2020 रोजी कलकत्ता उच्च न्यायालयाने मदतवाटपाचे लेखापरीक्षण कॅगने करावे, असा आदेश दिला. म्हणजे क्रम असा: आधी गावाला यादी दिसली, मग आवाज झाला, मग न्यायालय, मग कॅग. पहिली पायरी नसती तर पुढच्या तीन कधी आल्या नसत्या.

पण मी समाजशास्त्राची विद्यार्थिनी आहे, आणि 'यादी लावली की झाले' यावर माझा विश्वास नाही. यादी कुठे लावली, हा प्रश्न आहे. देवळाच्या भिंतीवर किंवा चावडीवर लावलेली यादी वस्तीतली म्हातारी वाचायला जाणार नाही. वेबसाइटवर टाकलेली इंग्रजी पीडीएफ तर तिच्यासाठी नसल्यासारखीच. दुसरे असे की सरकारची नजर नेहमी एकाच चुकीवर असते. कोविडमृत्यूंच्या 50,000 रुपयांच्या सानुग्रह मदतीत खोटे दावे आल्याचे दिसल्यावर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रासह चार राज्यांत 5 टक्के दाव्यांची फेरतपासणी करण्याची मुभा दिली. खोटा दावा करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, असे कलम 52 सांगते. ठीक आहे, खोटे दावे तपासा. पण ज्यांनी दावा करायला हवा होता आणि ज्यांना तो करताच आला नाही, अशांचे 5 टक्के तरी कोणी तपासले का? पात्र माणसाला वगळणे ही चूक आपल्या व्यवस्थेत चूक म्हणून मोजलीच जात नाही.

खासगीपणाचा आक्षेप येईल. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम 8(1)(ञ) मध्ये बदल करून वैयक्तिक माहितीची सूट फार रुंद केली आहे. उद्या माझ्यासारखी एखादी मुलगी ती यादी मागेल, तर 'माहिती वैयक्तिक आहे' या एका ओळीत अर्ज निकाली निघू शकतो. खाते क्रमांक, आधार, आजार, हे झाकलेच पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही. पण सार्वजनिक पैशातून कोणाला किती मिळाले आणि कोणाला का नाकारले, ही सरकारच्या कामाची नोंद आहे. गरिबाच्या खासगीपणाची ढाल पुढे करून अधिकाऱ्याचा निर्णय झाकता येणार नाही.

मग कायद्यात काय हवे? माझ्या मते निदान सहा गोष्टी. एक, पंचनाम्यानंतर ठरावीक दिवसांत पात्र आणि अपात्र अशा दोन्ही याद्या, प्रत्येक नकारामागच्या कारणासह, स्थानिक भाषेत जाहीर व्हाव्यात. त्या ग्रामसभेत आणि प्रत्येक वस्तीत, टोल्यात, पाड्यावर, तांड्यावर जाऊन मोठ्याने वाचाव्यात. दोन, नकाराविरुद्ध गावातच अपील करता यावे आणि त्याचा निकाल मुदतीत लेखी मिळावा. तीन, मदतीची गावनिहाय आकडेवारी अनुसूचित जाती, जमाती, भटके-विमुक्त, भूमिहीन आणि एकल महिला अशा गटांनुसार प्रसिद्ध व्हावी. त्यात कोणाचे नाव लागत नाही, त्यामुळे खासगीपणाची अडचणही नाही. चार, कलम 50 खालच्या प्रत्येक खरेदीचा पुरवठादार, दर आणि प्रमाण महिनाभरात जाहीर व्हावे. पाच, मदतवाटपाचे सामाजिक अंकेक्षण बंधनकारक व्हावे, आणि ते करणाऱ्या चमूत बाहेरची माणसे व वगळल्या गेलेल्या समाजातल्या स्त्रिया असाव्यात. सहा, आपत्तीच्या नावाने गोळा होणारा प्रत्येक निधी, मग तो पंतप्रधानांच्या नावाचा असो की मुख्यमंत्र्यांच्या, माहिती अधिकार आणि कॅगच्या कक्षेत यावा.

यातले काहीच हवेतले नाही. मेघालयने 2017 मध्ये सामाजिक अंकेक्षणाचा स्वतंत्र कायदा केला, असे करणारे ते देशातले पहिले राज्य. राजस्थानने 2019 मध्ये जन सूचना पोर्टल सुरू करून वेगवेगळ्या योजनांची माहिती गावपातळीपर्यंत खुली केली. तिथे 1994 पासून जनसुनावण्यांत मजूर बायका हजेरीपट वाचायला लावून आपला पैसा, आपला हिशोब मागत होत्या. त्यातूनच माहिती अधिकाराची लढाई उभी राहिली. जे रोजगार हमीच्या हजेरीपटाबाबत जमले ते पुराच्या यादीबाबत का जमू नये?

बाबासाहेब घटनाकार म्हणून आपल्या घराघरात आहेत. सार्वजनिक वित्ताचे अभ्यासक बाबासाहेब मात्र आपण कमी वाचतो. प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ 1925 चा. 1943 च्या दामोदरच्या पुरानंतर नदी खोऱ्याच्या नियोजनाचे जे काम झाले, ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातले मजूर सदस्य म्हणून त्यांनी पुढे नेले. आणि संविधान सभेत 1949 मध्ये त्यांनी कॅगच्या पदाला राज्यघटनेतले कदाचित सर्वांत महत्त्वाचे पद म्हटले होते. पूर आणि हिशोब, दोन्ही त्यांच्या विचारात होते. हिशोब मागणे हे आपल्याला कोणी नव्याने शिकवण्याची गरज नाही, तो आपला वारसाच आहे.

तुमच्यापैकी बहुतेकजण घरातले पहिले पदवीधर असाल. गावी गेलात की कोणीतरी कागद घेऊन येतेच, "बाळा, हे काय लिहिलंय बघ." पूर, गारपीट किंवा आग लागून वस्ती होरपळली की त्या आठवड्यात एक काम करा. वस्तीतल्या प्रत्येक पडलेल्या घराचा तारखेसह फोटो काढा, नाव लिहा आणि पंचनामा झाला की नाही ते नोंदवा. मग अंतिम यादी मागा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा. कायदा येईल तेव्हा येईल, पण त्याची मागणी करायला पुरावा लागेल, आणि तो पुरावा आजवर आपल्याकडे नव्हता.

माझ्या आईला ते पैसे आता मिळणार नाहीत, आणि तिने ते कधीच सोडून दिले आहेत. मी तिला झेरॉक्स दाखवली तेव्हा तिने बोटाने आपले नाव शोधले, रेघेवरून बोट फिरवले आणि विचारले, "मग पयल्यांदा लिव्हलं व्हतं म्हण की?" निदान एकदा आपले नाव लिहिले गेले होते, एवढ्यावर तिचे समाधान झाले. माझे झालेले नाही. त्या कोऱ्या रकान्यात कारण लिहून मिळेपर्यंत ते होणारही नाही.

जय भीम.